यमक जुळवायला "पार" आणायचा का? लेकरांच्या चित्रांच्या पुस्तकावरून डोकं फिरलंय

खामल्याची_आई
लेक अडीच वर्षाची आहे. मागच्या महिन्यात एका पुस्तक प्रदर्शनातून तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक आणलं, भाज्या बाजारात जातात असं काहीतरी, एका पानावर एक चित्र आणि खाली यमकातल्या दोन ओळी. चित्रं खरंच छान आहेत, भेंडीला शेंडी बांधली आहे ते पाहून आमची हसून हसून लोळते. पण ओळी वाचताना माझीच जीभ अडखळते. एका पानावर आहे, "कोथिंबीर म्हणे मी हिरवीगार, मुळा म्हणाला जाऊ या पार". पार म्हणजे कुठे पार? चित्रात नदी नाही की वडाचा पार नाही. गार ला काहीतरी पाहिजे म्हणून पार! लेकीने तीनदा विचारलं "आई पार काय असते" आणि मी तीनदा पान उलटलं.

दुसरं म्हणजे आमच्या घरात कोथिंबीर कोणी म्हणतच नाही, आम्ही सांबार म्हणतो. ती चित्रावर बोट ठेवून "सांबाल!" ओरडते आणि मी वाचते कोथिंबीर. म्हणजे पुस्तक तिला सांगून राहिलं की बाई तुझा शब्द चुकला. माझं म्हणणं एवढंच की यमकापायी शब्दाचे हाल होत असतील तर यमक नकोच, सरळ दोन साधी वाक्यं लिहा ना. बोला आता.

बालवाडीची_ताई
अजिबात पटलं नाही. चौदा वर्षं झाली मला तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये. साधं वाक्य वाचलं की मुलं ऐकतात आणि यमकाचं वाचलं की मुलं बोलतात, हा फरक आधी समजून घ्या. मी काय करते, शेवटच्या शब्दाच्या आधी थांबते. "बसली नटून भेंडी, डोक्यावर तिच्या..." आणि गप्प, नुसतं चित्र पुढे धरायचं. एक मुलगा जूनपासून वर्गात तोंड उघडत नव्हता, दारातल्या चटईवर बसून चपला मोजायचा, तो दिवाळीच्या आधी एक दिवस तिथूनच "शेंडीऽ" म्हणून ओरडला. त्याला काय वाचता येत होतं? कानाला कळलं शब्द कसा संपणार आणि डोळ्याला दिसलं काय आहे ते, दोन्ही जुळलं की आलाच शब्द तोंडात. साध्या वाक्यात हे होऊन दाखवा.

आणि हे माझ्या मनातलं नाही. ऑक्सफर्डच्या ब्रायंट, ब्रॅडली वगैरे लोकांनी ६४ मुलं तीन वर्षांची होती तेव्हापासून सहा वर्षांची होईपर्यंत पाहिली, १९८९ मध्ये ते छापून आलं. ज्यांना तिसऱ्या वर्षी बडबडगीतं जास्त पाठ होती त्यांना पुढे शब्दातले आवाज वेगळे काढणं आणि वाचणं सोपं गेलं.

तर्रीपोहा
ताई ती पोरं इंग्रजी बोलणारी होती ना? इंग्रजीत एकाच आवाजाची चार स्पेलिंगं, तिथे यमकाची मदत होत असेल. आपल्याकडे क ला काना का, विषय संपला. तिकडचा निकाल उचलून इकडे लावायचा म्हणजे पुण्याच्या माणसाला सावजी खाऊ घालून "कसं वाटलं" विचारण्यासारखं आहे.

बालवाडीची_ताई
स्पेलिंगचा मुद्दा मान्य. पण कान तर मराठी मुलालाही असतात की नाही? अक्षर ओळखायच्या आधी आवाज सुटा करता यावा लागतो, ते काम कानाचंच.

छापखानेवाला
जरा मधे बोलतो, कारण "पार" कुठून आला त्याचा मला अंदाज आहे. ताई, पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात "मूळ इंग्रजी" असं काही आहे का बघा. आणि त्या पानावर मुळा पाठमोरा आहे का तेही बघा.

खामल्याची_आई
अय्यो! दोन्ही आहे. मुळा पाठमोरा आहे आणि हात हलवून राहिला. तुम्हाला कसं कळलं?

छापखानेवाला
धंदाच आहे आमचा. रंगीत छपाई चार शाईंत होते, निळी, गुलाबी, पिवळी, काळी, आणि प्रत्येक शाईची छापायची प्लेट वेगळी. अशी पुस्तकं चार-पाच भाषांत काढायची असली की सगळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर ठेवतात, म्हणजे चित्राच्या प्लेटा त्याच आणि भाषेगणिक काळी तेवढी बदलायची. स्वस्त पडते. पण मग चित्र काही हलत नाही. तिकडच्या कवितेत मुळा दूर चालला असेल, तसं चित्र काढून झालं, आता मराठी करणाऱ्याच्या हाती पाठमोरा मुळा, अर्ध्या बोटाची जागा आणि वर यमक पण पाहिजे. दूर ला गार जुळत नाही, बसवला पार. त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नका, पुस्तकामागे त्याला काय मिळत असेल ते मी इथे लिहीत नाही. माझं मत विचाराल तर भाषांतराचं पुस्तक असलं की यमक सोडून द्यावं, आणि मुळात मराठीत लिहिलं असलं तर यमक जरूर करावं. दोन्हीला एकच नियम लावून भांडण चाललंय इथे.

पिवळी_मारबत
मला एक सांगा, यमकच कशाला पाहिजे? नागपुरात रोगराई-पीडा घालवायला मिरवणुकीत काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, १८८१ पासून निघून राहिली, "घेऊन जा गे मारबत" याला कुठे यमक आहे बे? तरी बापाच्या खांद्यावर बसलेलं दोन वर्षाचं पोट्टं बी बरोबर तेवढंच ओरडते. आधी कोणी डेंग्यू म्हणते, कोणी महागाई म्हणते, मागचं तेच. पुस्तकात पण तसंच करा, प्रत्येक पानावर नवी भाजी आणि शेवटी तीच एक ओळ. पोट्टे बोलतेतच. ताईंचा चपला मोजणारा पण बोलला असता.

महालातली_आजी
मारबतीचं बरोबर आहे बाळा पण तेवढ्याने भागत नाही. आम्ही भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणायचो, अंगणात टिपऱ्या घेऊन. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला आज अडुसष्टाव्या वर्षी पण माहीत नाही. आईला विचारलं तर म्हणायची "गाणं म्हण, मग खाऊ ओळख". एकदाही कोणाचं अडलं नाही. आणि तान्ह्या पोळ्याला लाकडाचा नंदी ओढत पोरं झडत्या म्हणतात, म्हणजे ओरडून म्हणायच्या ओळी, त्या तर यमकाशिवाय उभ्याच राहत नाहीत, पुढचा शब्द विसरला तरी यमकाने आठवतो. तेव्हा सूनबाई, एक "पार" समजला नाही म्हणून लेकराचं काही बिघडत नाही.

खामल्याची_आई
आजी तुमचा मान ठेवून बोलते, भुलाबाईचे शब्द कळत नसले तरी तोंडात घोळतात हो, म्हणूनच टिकले इतके वर्ष. हा पार घोळतच नाही, अडकतो, खड्यासारखा. अर्थ नाही याचा मला राग नाही, मजा पण नाही याचा आहे.

काटोल_रोड
सगळे पारावर बसले आणि सांबाराला विसरले. ताई, तुमची दुसरी तक्रार यमकावर ढकलू नका. ओळ परत वाचा. यमक आहे गार आणि पार मध्ये, कोथिंबीर तर ओळीच्या सुरवातीला बसली आहे, तिला यमकाने आणलंच नाही. तिच्या जागी सांबार टाका, "सांबार म्हणे मी हिरवागार", उलट जास्त जुळून राहिलं! म्हणजे दोष यमकाचा नाही, सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच शब्द ठेवायचा या हट्टाचा आहे. आलू, फल्ली, जाम, एकही शब्द पुस्तकात सापडत नाही, पेरू लिहिलं की आमचा पोरगा म्हणते हा तर जाम आहे.

आणि कोणी म्हणेल बोली घातली तर यमक मोडते, तर ते पण नाही. आमची आजी केळीला केयी म्हणते आणि वेळीला वेयी. दोन्हीकडचा ळ एकदमच जाते, यमक तिथल्या तिथे. उलट आमच्याकडे पानी आणि नानी जुळते, जे छापील पुस्तकात पाणी लिहिल्यामुळे थोडं लंगडते. फायदाच आहे. खरा आळस वेगळा आहे, मराठीत क्रियापद शेवटी येते म्हणून लिहिणारे आला-गेला, बसला-हसला करून मोकळे होतात, बारा पानं तेच. भेंडी-शेंडी वाल्याने नाव शेवटी आणलं, म्हणून ते पान लेकीला आवडते. एकाच पुस्तकात दोन्ही नमुने आहेत तुमच्या.

खामल्याची_आई
हे मान्य. सांबाराचं खापर मी चुकीच्या डोक्यावर फोडलं. पण पारचं मागे घेत नाही.

काल रात्री मग पट्टी चिकटवली त्या ओळीवर, पांढऱ्या स्टिकरची, आणि स्केचपेनने लिहिलं "सांबार म्हणे मी हिरवागार, मुळा म्हणाला थांब ना यार". पाठमोरा मुळा हात हलवून राहिला ते पण बसलं. लेकीने सतरा वेळा वाचायला लावलं, अठराव्यांदा मी "थांब ना" म्हणून थांबले तर तिने "याल!" पूर्ण केलं. तेव्हा बालवाडीच्या ताई, थांबायची युक्ती चालते, तेवढं तुमचं खरं.

बालवाडीची_ताई
युक्ती चालली याचा आनंद आहे पण अडीच वर्षाच्या मुलीला "यार"? "थांब की जरा फार" वगैरे काही जमलं नसतं का?

तर्रीपोहा
"जरा फार" 😂 ताई आता तुम्हीच पार निघाल्या

छापखानेवाला
स्टिकरची कड नखाने नीट दाबून घ्या, नाहीतर दोन दिवसात उचकटते आणि पोरं खातात.

खामल्याची_आई
उचकटलं पण. आणि ताई उशीर झाला, सकाळी भाजीची गाडी गेटसमोरून पुढे गेली तर मॅडम बाल्कनीच्या जाळीतून ओरडल्या, "भाऊ थांब ना याल!" तो थांबला. जुडी दहाची देतो, आज वर दोन काड्या फुकट दिल्या.