मदत हवी आहे: चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) आईबाबांना कोविड लशीचा बूस्टर मिळेल का? को-विनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) बाबांचा दुसरा डोसच दिसत नाही

डिचोलीकर (18 ऑगस्ट 2022)
आई 64, बाबा 69, दोघांनाही कोविशील्ड. आईचा दुसरा डोस 5 मार्च 2022चा. बाबांचे दोन्ही डोस 2021मध्येच झाले, पण को-विनवर दोन वेगळी सर्टिफिकेटं आहेत आणि दोन्हींवर 'पहिला डोस'. एक माझ्या मोबाईलवर आधार देऊन, दुसरं भावाच्या मोबाईलवर मतदार कार्ड देऊन. बाबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. भावाला जुलैअखेर कोविड झाला होता, त्याने कधी घ्यावा? आणि बूस्टरला कोर्बेवॅक्स ही दुसरी लस चालते का?

पोफळी
आईंना चवथीआधी नाही. 6 जुलैपासून अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिने किंवा 26 आठवडे केलंय. 5 मार्चपासून 182 दिवस मोजा, 3 सप्टेंबर येतो. चवथ 31 ऑगस्टला. बरेचजण पहिल्या डोसपासून मोजतात आणि केंद्रावरून हात हलवत परततात. मोजायचं दुसऱ्या डोसपासून.

भावाने बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचं, म्हणजे ऑक्टोबर संपू द्या.

खाजन
बाबांना तसंच केंद्रावर नेऊ नका! सिस्टीमला ते 'एकच डोस झालेले' दिसतात, त्यामुळे आजची सुई 'दुसरा डोस' म्हणून चढेल. मग बूस्टर कागदावर आणखी सहा महिने लांबेल आणि नोंद निस्तरणं अवघड होईल.

आधी नोंदी जोडा. को-विनवर लॉगिन करून 'रेझ ॲन इश्यू'मध्ये जा. तिथे पहिल्या डोसची दोन सर्टिफिकेटं एकत्र करायचा पर्याय आहे. दोन्ही संदर्भ क्रमांक लिहून ठेवा आणि दोन्ही फोन जवळ ठेवा, ओटीपी ज्याच्या त्याच्या नंबरवर जातो. दोन्हींवरचं नाव आणि जन्मवर्ष अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे घोळ आडनावात असतो. एका कार्डावर नाईक शेवटी साध्या 'के'ने, दुसऱ्यावर पोर्तुगीज थाटात 'क्यू-यू-ई'. माणसाला दोन्ही नाईकच, कॉम्प्युटरला दोन माणसं. दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून पासपोर्ट असेल तर त्यावरचंच स्पेलिंग घ्या.

डिचोलीकर
अगदी तसंच आहे, आधारवर 'के', मतदार कार्डावर 'क्यू'! गोळीचं आणि कोर्बेवॅक्सचं कोणी सांगेल का?

सुकेळी
गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना मात्र विचारून जा. सुईच्या आधी नर्सला सांगायचं. टोचल्यावर कापूस निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचा नाही. चोळलं की दंडावर काळंनिळं पडतं आणि घरचे लशीला दोष देतात.

आतापर्यंत जी लस घेतली तीच बूस्टरला, हा मूळ नियम. 12 ऑगस्टपासून कोर्बेवॅक्सची मुभा मिळाली आहे. 18 वर्षांवरच्यांना, कोविशील्ड घेतलेली असो वा कोव्हॅक्सिन, दुसऱ्या डोसला सहा महिने झाले की चालते. पण तुमच्या केंद्रावर कोणती शिल्लक आहे ते फोन करून विचारा.

पोफळी
पैशांचं राहिलं. साठीच्या वरच्यांना सरकारी केंद्रात फुकटच. 18 ते 59 वयाच्यांना 15 जुलैपासून 75 दिवस फुकट, म्हणजे तीन महिने थांबलेल्या भावाची ती मुदत हुकणार. खाजगीत लशीच्या किमतीवर सेवाशुल्क 150 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, बिल मागून घ्या.

डिचोलीकर
साखळीला नेऊ की म्हापशाला आझिलो हॉस्पिटलात?

सुकेळी
जवळचं बरं, ज्येष्ठांना नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. कोविशील्डच्या कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिली, आणि फोडलेली कुपी त्याच दिवशी काही तासांत संपवावी लागते. चवथीच्या आठवड्यात माणसं जमली नाहीत तर कुपी फोडत नाहीत आणि 'उद्या या' ऐकावं लागतं. गर्दीच्या दिवशी सकाळीच जा. ताप, दंडदुखी एकदोन दिवस राहते, तेव्हा पॅरासिटामॉल चालेल, आधीच देऊन ठेवू नका. पुढच्या दोनतीन आठवड्यांत धाप, छातीत दुखणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा एका पायाला सूज आली तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

खाजन
आणि तोच मोबाईल, तेच ओळखपत्र घेऊन जा. तिसरी नोंद नको!