मदत हवी आहे: हर्पिसवरच्या लघुपटात 'सांगण्याचा' प्रसंग अडलाय

नमस्कार मंडळी,
साधारण वीस मिनिटांचा लघुपट लिहितेय. नायिकेला जननेंद्रियाचा हर्पिस (लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणूसंसर्ग) आहे आणि नव्याने जवळ आलेल्या माणसाला ती ते सांगते, एवढीच गोष्ट. माझ्या जिवलग मैत्रिणीला हे निदान झालं तेव्हा दुखण्यापेक्षा लाजेनंच ती जास्त खचली, म्हणून हा विषय. पडद्यावर हा आजार एक तर विनोदापुरता येतो, नाहीतर पापाची शिक्षा म्हणून. ते मला मोडायचंय.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की १५ ते ४९ वयोगटातल्या ८४ कोटींहून अधिक लोकांना हा संसर्ग आहे. बहुतेकांना लक्षणं नसतात किंवा इतकी सौम्य असतात की कळतही नाही. विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो, त्यामुळे तो कायमचा जात नाही. पण रोज विषाणूरोधक गोळी घेतली, कंडोम वापरला की जोडीदाराला लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. (शून्य होत नाही, आणि हे लपवलं तर लघुपटच खोटा ठरेल.)

अडचण अशी की ही माहिती संवादात घातली की नायिका डॉक्टरांसारखी बोलायला लागते. काढली, तर प्रेक्षकाची भीती तशीच राहते. त्यात त्या माणसानं लगेच समजून घेणं मला पटत नाही आणि निघून जाणंही नको वाटतं.

तुमच्यापैकी कुणी असं काही लिहिलंय किंवा स्वतः कुणाला सांगितलंय का? पहिलं वाक्य काय होतं?