गल्फ स्ट्रीम आणि उलथापालथ

'गल्फ स्ट्रीम (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून उत्तरेकडे वाहणारा अटलांटिकमधला उबदार प्रवाह) बंद पडणार' असं म्हटलं जातं, तिथे थोडी गल्लत होते. तो प्रवाह मुख्यतः वाऱ्यामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतो, त्यामुळे तो थांबणार नाही. मंदावण्याची भीती आहे ती अटलांटिकमधल्या उभ्या उलथापालथीची: उत्तरेकडे गेलेलं खारट पाणी थंड होऊन जड होतं, बुडतं आणि तळाशी दक्षिणेकडे परततं. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं की हे बुडणंच अडतं. मिठाच्या पाण्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच रंगीत गोडं पाणी सोडून बघा, किती वेळ वरच तरंगत राहतं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या ग्लासासमोरून हललोच नाही.

शिवाय हे सगळं फक्त संगणकावरचं गणित नाही. २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रात नांगरलेल्या उपकरणांनी ही उलथापालथ मोजली जातेय. सरासरी सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी! २००९-१० मध्ये ती वर्षभर जवळपास ३० टक्क्यांनी घटली आणि त्याच काळात न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी १२ सेंटीमीटरहून जास्त चढली. ती घट पुढे बरीचशी भरून निघाली खरी, पण ही उलथापालथ मंदावली की त्या किनाऱ्यावर पाणी चढतं, हा मुद्दाही लक्षात ठेवायला हवा.