सेंड झालं म्हणजे पोचलं असं नाही

एमपीआय म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोसेसनी एकमेकांना मेसेज पाठवण्याचं स्टँडर्ड. त्यातल्या मेसेज पाठवणाऱ्या फंक्शनबद्दल ‘एमपीआय_सेंड म्हणजे पेटीत पत्र टाकलं, आपण मोकळे’ असं कुणीतरी लिहिलंय. छोट्या मेसेजपुरतं ते पटतं, पण स्टँडर्ड तशी हमी देत नाही. १९९४ च्या पहिल्या आवृत्तीपासून नियम एवढाच की सेंड परत आलं म्हणजे तुमचा बफर (मेसेजचा डेटा ठेवलेली मेमरी) पुन्हा वापरायला मोकळा. मेसेज छोटा असला तर लायब्ररी तो स्वतःकडे ठेवून घेते आणि तुम्हाला सोडते. मोठा असला की समोरचा रिसीव्ह लावेपर्यंत सेंड तिथंच उभं.

इथं बेळगावात कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांनी ओतकाम थंड होताना तापमान कसं पसरतं त्याचा प्रोग्राम लिहिला होता (उद्यमबागेतल्या फौंड्र्या शेजारी असल्यावर दुसरा विषय कशाला शोधायचा!). तापमानाच्या आकड्यांच्या ग्रिडचे पट्टे पाडून एकेका प्रोसेसला दिलेले, शेजारी-शेजारी काठाची ओळ एकमेकांना द्यायची. दोघंही आधी सेंड, मग रिसीव्ह. लहान ग्रिडवर झकास चालला. ग्रिड वाढवली आणि जाम! काठाची ओळ मोठी झाली, दोघंही सेंडमध्येच अडकले, रिसीव्हपर्यंत कुणी पोचेना. टॉपमध्ये (कोअर किती कामात आहेत ते दाखवणारी कमांड) बघावं तर सगळे कोअर १०० टक्के, कारण वाट बघतानाही लायब्ररी सतत चौकशी करत असते. त्यामुळं ‘काम चाललंय की सर’ म्हणून पोरं निवांत.

सेंडरिसीव्ह (दोन्ही एकाच कॉलमध्ये) वापरलं की हे सुटतं, किंवा आयरिसीव्ह, आयसेंड (हे वाट न बघता लगेच परत येतात) आणि शेवटी वेटऑल (सगळे पुरे होईपर्यंत थांबणारं). आणि तपासताना सगळीकडं सेंडच्या जागी एस्सेंड घालून बघा. ते रिसीव्ह सुरू झाल्याशिवाय परतच येत नाही, त्यामुळं असला लपलेला डेडलॉक (एकमेकांची वाट बघत सगळेच अडकणं) लहान ग्रिडवरच सापडतो.