तावूसी मेलेक आणि आदमची कथा : आधी सांगावी का?

मूळ प्रश्न : उत्तर इराकमधील यझिदी या धार्मिक अल्पसंख्य समाजाच्या श्रद्धेनुसार खुदे या एकमेव ईश्वराने जगाचा कारभार सात देवदूतांकडे सोपवला असून, मयूररूपात पूजला जाणारा तावूसी मेलेक हा त्यांचा प्रमुख आहे. त्याची ओळख मात्र अनेकदा एकाच कथेने करून दिली जाते : पहिला मानव आदम याला नमन करण्यास त्याने नकार दिला. ही कथा आरंभी सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. कुराणात नमन नाकारणारा इब्लीस, म्हणजे सैतान, आहे, त्यामुळे ऐकणारा लगेच दोघांना एक समजतो. यातूनच ‘सैतानपूजक’ हा शिक्का बसला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमधील सिंजार या यझिदी भागावर चालून आलेल्या इस्लामिक स्टेटने यझिदी स्त्रियांना गुलाम करण्याचे समर्थन करताना त्याचाच आधार घेतला.

प्रतिसाद १ : आपली कळकळ समजते, निष्कर्ष पटत नाही. ही कथा यझिदीही सांगतात. ‘माझ्याखेरीज कोणापुढे झुकू नकोस’ ही ईश्वराची आज्ञा आधीची होती, आदमला नमन करण्याची नंतरची आज्ञा ही परीक्षा होती आणि तावूसी मेलेक तीत उतरला, असा तिचा अर्थ ते लावतात. ज्यांची समाधी लालिश या यझिदींच्या पवित्र स्थळी आहे ते, यझिदींना पूज्य असलेले शेख अदी बाराव्या शतकातले सूफी. त्यांच्याही आधी, ९२२ मध्ये बगदादला मृत्युदंड भोगलेल्या हल्लाज या सूफीने इब्लीसच्या नकारात एकेश्वरनिष्ठा पाहिली होती. हा धागा तोडला, तर हातात केवळ एक सुंदर मोर उरतो.

मूळ लेखकाचे उत्तर : सूफी धागा मला मान्य आहे, पण हल्लाजचा इब्लीस शापित आहे आणि तावूसी मेलेक कधीच पतित झाला नाही, हा फरक लहान नव्हे. एप्रिलमधल्या चारशेमा सोर, म्हणजे लाल बुधवारी, तो पृथ्वीवर उतरल्याचे स्मरण करून घरोघर अंडी रंगवली जातात, आणि त्याचे प्रतीक असलेली मोराची धातूची संजक घेऊन कव्वाल, म्हणजे यझिदींची धार्मिक स्तोत्रे गाणारे, गावोगाव फिरत आले आहेत. श्रद्धेचे हे रोजचे रूप समजायला आदमची गरज पडत नाही. (आपल्याकडे मोर दिसताच त्याला कार्तिकेय ठरवणारे भेटतात; तीही तशीच घाई आहे.)

प्रतिसाद १ : लाल बुधवारपासून सुरुवात करण्यास माझी हरकत नाही. परंतु शिक्का मारला तो इतरांनी, मग यझिदींनी जपलेला अर्थ मागे का ढकलायचा? ‘शैतान’ हा शब्द उच्चारणेही जे पिढ्यान्‌पिढ्या टाळत आले, त्यांच्या तोंडची ही कथा तिच्या अर्थासकट, पहिल्याच परिच्छेदात यावी, असेच मी म्हणेन.