गाऱ्हाणं आणि गोळ्या
कोकणावरच्या सिनेमात मनोरुग्ण म्हणजे भूतबाधाच दाखवतात, म्हणून इथली माणसं डॉक्टरकडे जात नाहीत, असं काहीजण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे! आमच्या वाडीतल्या काकूंना स्किझोफ्रेनिया आहे. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणंही घातलं आणि गोळ्याही चालू ठेवल्या. देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या पुडीशेजारीच गोळ्यांचं पाकीट असतं, दिवा लावताना आठवण राहावी म्हणून. असं घर मी तरी पडद्यावर पाहिलेलं नाही.

खरं नुकसान करतात ती सिनेमातली शॉकची, म्हणजे मानसिक आजारावरच्या विजेच्या उपचाराची दृश्यं: पेशंट जागा, चौघांनी दाबून धरलेला, किंचाळतोय. त्याच धसक्याने काकूंच्या मुलाने डॉक्टरांनी सुचवलेले शॉक किती लांबवले. भूल न देता शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरळ बंदी आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.