सी-प्लस-प्लस प्रकल्प: मेक सोडून सीमेककडे जावं का?

प्रश्न: आमच्या प्रकल्पात ६० फाइली, मेकफाइल (कोणती फाइल कशी बिल्ड करायची हे ‘मेक’ या साधनाला सांगणारी फाइल) मीच हाताने लिहिलेली. गेल्या आठवड्यात हेडरमधल्या (अनेक फाइली वापरतात अशा सामायिक फाइलीतल्या) एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे डेटाच्या रचनेत, मधोमध नवीन फील्ड घातलं, मेक चालवलं आणि प्रोग्रॅम भलतेच आकडे दाखवू लागला. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी मेक क्लीन करून, म्हणजे आधी तयार झालेल्या फाइली पुसून, पुन्हा बिल्ड केलं, तर सगळं सुरळीत! आता नवा सहकारी विंडोजवर काम करणार आहे. सीमेक किंवा मेसॉन हे दुसरं बिल्ड साधन घेऊ, की आहे तेच नीट करू?

उत्तर: तुमच्या मेकफाइलला हेडर ठाऊकच नाहीत. मेक फाइलींच्या वेळा बघतं, तेही तुम्ही सांगितलेल्याच फाइलींच्या. म्हणून हेडर बदलूनही ते वापरणाऱ्या काही फाइली पुन्हा कंपाइल झाल्या नाहीत. जीसीसी या कंपायलरला ‘-एमएमडी’ पर्याय द्या, तयार होणाऱ्या ‘.डी’ फाइली (कोणती फाइल कोणती हेडर वापरते याच्या याद्या) मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा. हे आजच करा.

उत्तर: विंडोज आलं की मी सीमेकच घेतो. ते स्वतः बिल्ड करत नाही. लिनक्सवर निंजा या बिल्ड साधनाच्या, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओच्या फाइली बनवून देतं. भाषा किचकट आहे, मान्य. पण इन्क्लूड पाथ (हेडर कुठे शोधायची ती फोल्डरं) टार्गेटनिहाय, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम किंवा लायब्ररीसाठी वेगळे द्या, बिल्डचं फोल्डर वेगळं ठेवा, आणि सोर्स फाइली ग्लॉबने (‘या फोल्डरमधल्या सगळ्या’ अशा नमुन्याने) गोळा करू नका. नवी फाइल टाकली तरी सीमेकला पत्ता लागत नाही आणि लिंकरची (कंपाइल झालेले भाग जोडणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलेली) चूक शोधत बसावं लागतं.

उत्तर: मेसॉन वाचायला फार छान. बाहेरच्या लायब्ररी कोणत्या आहेत?

प्रश्नकर्ता: क्यूटी ६, खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी. म्हणजे सीमेकच, कारण क्यूटी ६ स्वतःच त्यावर बांधलंय. तोवर ‘-एमएमडी’ लावलं. तेच हेडर बदललं, नेमक्या ११ फाइली पुन्हा कंपाइल झाल्या. मनापासून आभार!